गैरहजरांची नोंद

महाराष्ट्रातल्या बहुतेक ज्येष्ठ नागरिक संघांची मासिक सभा एका ठरलेल्या क्रमाने चालते. प्रार्थना होते. कार्यवाह मागील सभेचे इतिवृत्त वाचतात आणि कुणाची हरकत नसेल तर ते कायम होते. कोषाध्यक्ष महिन्याचा जमाखर्च सांगतात. त्या महिन्यात ज्यांचे वाढदिवस असतील त्यांना फूल दिले जाते, आणि त्याच महिन्यात जे गेले त्यांच्यासाठी सारे सभागृह उभे राहून दोन मिनिटे स्तब्ध राहते. मग व्याख्यान, सहलीची नावनोंदणी, आयत्या वेळचे विषय, आभार, चहा. हे सगळे चालू असताना हजेरीची वही सह्यांसाठी रांगेरांगेतून फिरत असते. या साध्या क्रमाविषयी एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो बाहेरच्यांइतकाच सभासदही घेतात. आयुष्यभर कचेरीत फायली सांभाळल्या, घरी वाण्याची आणि दुधाची खाती सांभाळली. आता जे वय हिशेब मिटवण्याचे, त्या वयात पुन्हा पावतीपुस्तक, ताळेबंद आणि ठराव कशासाठी? आपल्या परंपरेने उतारवयाला जे सांगितले ते सोडायला सांगितले, धरायला नव्हे. मग संघाच्या दप्तराला धर्माच्या दृष्टीने काय अर्थ उरतो? माझे म्हणणे असे की अर्थ उरतो, आणि तो मोठा आहे. दुसऱ्याची नोंद ठेवणे आणि स्वतःची नोंद दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही उतारवयाला शोभणारी साधनाच आहे. मात्र ती कोणत्या अटीवर साधना ठरते आणि कुठे नुसती वहिवाट होते, हे तपासून घ्यायला हवे.

आक्षेपाला त्याचे पूर्ण बळ देऊनच सुरुवात केली पाहिजे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा. हे वर्णन इतके नेमके आहे की साठी उलटलेल्या कुणालाही ते आपल्यालाच उद्देशून लिहिल्यासारखे वाटेल. पण त्याच अध्यायात पुढे वाचले तर अरण्य म्हणजे सगळ्यांपासून सुटका, ही समजूत टिकत नाही. वानप्रस्थाने पंचमहायज्ञ चालू ठेवायचे आहेत. आश्रमात जो येईल त्याला पाणी, कंदमुळे, फळे, जे असेल ते देऊन त्याचा सत्कार करायचा आहे. गृहस्थाची मालमत्ता सुटली, पण येणाऱ्याची दखल घेण्याचे काम सुटले नाही. शिवाय चार आश्रम पायरीपायरीने चढायचे, हा एकच विचार आपल्याकडे होता असेही नाही. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात समुच्चय, विकल्प आणि बाध असे तीन पक्ष मांडले आहेत. क्रमाने चारही आश्रम घ्यावेत, हा एक. ब्रह्मचर्यानंतर हवा तो आश्रम निवडावा, हा दुसरा. आणि खरा आश्रम एकच, तो म्हणजे गृहस्थाश्रम, हा तिसरा. गौतम आणि बौधायन या धर्मसूत्रकारांचा कल या तिसऱ्या पक्षाकडे आहे. म्हणजे म्हातारपणी निघून जाणे हाच एक धर्म, असे परंपरेने एकमुखाने कधी सांगितले नाही. आणि ज्याने खरोखर निघून जायचे ठरवले, त्या याज्ञवल्क्याचेही बृहदारण्यक उपनिषदातले पहिले बोलणे हिशेबाचे आहे. मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात वाटणी करून द्यावी आणि मग निघावे, असा त्याचा बेत. अमृतत्वाचा सारा संवाद त्या वाटणीच्या बोलण्यातून सुरू होतो. जाणाऱ्यानेही मागे राहणाऱ्यांची व्यवस्था आधी स्पष्ट करायची, हा संकेत तिथे आहे.

मराठी वाचकाला इथे लोकमान्य टिळक आठवणारच. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात त्यांनी हाच वाद घेतला: ज्ञान झाल्यावर कर्म सोडावे की करीत राहावे? त्यांचे उत्तर ठाम आहे. ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी अखेरपर्यंत कर्म करावे. टिळकांचे हे उत्तर मला मान्य आहे, पण आपल्या प्रश्नापुरते ते पुरे पडत नाही. लोकसंग्रहासाठी कर्म करावे म्हटले की शाळा काढणे, विहिरी खोदणे, न्यायासाठी लढणे हे सगळे त्यात बसते. तीस-चाळीस वृद्धांनी एकत्र बसून कोण आले आणि कोण आले नाही हे लिहून ठेवण्यात कसला लोकसंग्रह, हे त्यातून उलगडत नाही. त्यासाठी अशा परंपरेकडे वळले पाहिजे, जिथे घर सोडलेल्या माणसांनी एकत्र जमण्याचे आणि हजेरीचे नियम बारकाईने घडवले.

बौद्ध विनयपिटकातल्या महावग्गात उपोसथाचा, म्हणजे भिक्खूंच्या पंधरवड्याच्या सभेचा, खंड आहे. तिथली हकिगत अशी. इतर पंथांचे परिव्राजक पंधरवड्याच्या ठरावीक तिथींना एकत्र जमतात, लोक त्यांच्याकडे ऐकायला जातात. मग बुद्धाच्या भिक्खूंनीही तसे का जमू नये, असे राजगृहात बिंबिसार राजाच्या मनात आले. बुद्धाने ते मान्य केले. भिक्खू जमले, पण नुसते गप्प बसून राहिले. लोकांनी नावे ठेवली, तेव्हा धर्माविषयी बोलण्याची परवानगी मिळाली. पुढे लोक विचारू लागले की आज तिथी कोणती. भिक्खूंना सांगता येईना. तेव्हा पंधरवड्याची गणना शिकून घ्यायला सांगितले गेले. मग लोकांनी विचारले, तुम्ही किती जण आहात? तेही सांगता येईना. तेव्हा उपोसथाच्या दिवशी भिक्खूंची मोजणी करावी, शलाका वाटून करावी, असा नियम झाला. घरदार, नाव, गोत्र मागे टाकून आलेल्या माणसांना बुद्ध सांगतो आहे की तुम्ही किती आहात हे तुम्हाला माहीत असले पाहिजे. त्याहून महत्त्वाचा नियम पुढे येतो. आजारी भिक्खूला सभेला येता येत नसेल, तर त्याने आपल्या परिशुद्धीचे, म्हणजे आपल्याकडून नियमभंग झालेला नसल्याचे, निवेदन दुसऱ्या भिक्खूकरवी पाठवावे. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट किंवा आसनासकट सभेत उचलून आणावे. हलवण्याने त्याचे दुखणे वाढेल किंवा जीव जाईल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटत असेल, तर त्याला हलवू नये. सगळ्या संघाने त्याच्याजवळ जाऊन तिथे उपोसथ करावा. काहीही झाले तरी त्याला वगळून अपुऱ्या संघाने उपोसथ करायचा नाही.

हजेरी कशासाठी, याचे इतके स्वच्छ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात दिसलेले नाही. आलेल्यांचे कौतुक व्हावे म्हणून ही मोजणी नव्हती. न आलेला कोण आणि का आला नाही, हे कळल्याशिवाय सभा पूर्णच होत नाही, म्हणून ती होती. याच महावग्गात चीवरांविषयीच्या खंडात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची गोष्ट आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून मंचावर निजवले, आणि मग बुद्धाने संघाला जे सांगितले त्याचा आशय असा: तुमची काळजी घ्यायला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? मुले बंगळूरला किंवा बोस्टनला, जोडीदार गेलेला, शेजारच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप, अशा आजच्या अनेक वृद्धांची स्थिती या भिक्खूच्या स्थितीहून फार वेगळी नाही. 2011 च्या जनगणनेत भारतातील साठी ओलांडलेल्यांची संख्या 10.38 कोटींच्या घरात होती, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के. एवढ्या माणसांपैकी ज्यांच्या घरची बेल दिवसाकाठी एकदाही वाजत नाही, त्यांच्यासाठी दरमहा आपले नाव एका वहीत असणे आणि पुढची सहीची जागा कोरी राहिली तर कुणाच्या तरी ते लक्षात येणे, याचे मोल शब्दांत कमीच भरते. कोरी राहिलेली चौकट हाच हजेरीपटाचा खरा मजकूर आहे. सही केलेल्याबद्दल वही काही नवीन सांगत नाही, तो समोर बसलेलाच असतो.

इतिवृत्ताचेही असेच आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले, हे वाक्य इतक्या सवयीने लिहिले जाते की त्यात काय घडते हे आपण विसरतो. एका माणसाने आपल्या आठवणीप्रमाणे आणि टिपणांप्रमाणे लिहिलेले सगळ्यांसमोर वाचले जाते. ज्याला वेगळे आठवते त्याला बोलण्याची संधी मिळते. कुणी बोलले नाही, तर ते शांत राहणे संमती मानले जाते, आणि एकाची आठवण सर्वांची होते. विनयात संघकर्माची पद्धत हीच आहे: प्रस्ताव मांडायचा, महत्त्वाच्या बाबतीत तीनदा विचारायचे, हरकत असेल त्याने बोलावे, नसेल त्याने मौन धरावे. उतारवयात स्मृतीचा प्रश्न कळीचा होतो हे सांगायला नको. आपल्याला आठवते तेच खरे, हा आग्रह वयाबरोबर वाढतो. त्याच वेळी आठवण मात्र अधिकाधिक दगा देऊ लागते. अशा वयात आपली आठवण दर महिन्याला चारचौघांसमोर ठेवायची, तिच्यात झालेली दुरुस्ती मानायची आणि दुरुस्त मजकुरावर सही करायची, याला मी अहंकार सोडण्याचा सराव म्हणेन. गुहेत एकट्याने बसलेल्याला हा सराव मिळत नाही. तिथे त्याच्या आठवणीला हरकत घेणारे कुणी नसते.

यावर कुणी म्हणेल की बुद्धाचा संघ ही शिस्तीची संस्था होती. खऱ्या विरक्तांना नोंदींची गरज नसते. याला उत्तर देणारा पुरावा आपल्या मराठीतच आहे, आणि तो मराठी गद्याच्या आरंभीचा आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांनी आपल्या अनुयायांना सांगितलेला आचार फार कडक होता. आपला देश सोडावा, ओळखीच्या माणसांत राहू नये, एका ठिकाणी रमू नये, झाडाखाली आयुष्य काढावे. यापेक्षा अधिक सोडायला कुणी क्वचितच सांगितले असेल. आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यावर या अनुयायांनी काय केले? म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण गोळा केली, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात केवळ उपदेश नाही. कोणत्या गावी कोणत्या देवळात मुक्काम झाला, भिक्षेत काय आले, कुणाला ताप होता, शिष्या बाइसांनी काय विचारले, महदाइसा कशावर अडून बसल्या, हे सगळे आहे. पुढे धामधुमीच्या काळात मूळ ग्रंथ हरवला, तेव्हा पाठ असलेल्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा केला गेला. हिराइसेला असे आठवते, दुसऱ्या कुणाला तसे आठवते, असे पाठभेद त्या त्या व्यक्तीच्या नावानिशी पोथ्यांत नोंदलेले सापडतात. ज्यांना घर नव्हते, गाव नव्हते, ज्यांनी स्वतःचे काहीही राखून ठेवायचे नाही असे ठरवले होते, त्यांनी आपल्या भाषेतले पहिले मोठे दप्तर राखले. विरक्ती आणि नोंद यांचे वैर असते तर हे घडले नसते. त्यांनी टाकून दिले ते स्वतःविषयीचे; जपले ते दुसऱ्याविषयीचे.

हा भेद माझ्या युक्तिवादाचा कणा आहे, म्हणून त्याच्यावर येणारा सर्वांत जवळचा आक्षेप टाळून चालणार नाही. प्रत्यक्षात संघांत काय दिसते? अध्यक्षपदासाठी चुरस, व्यासपीठावर कुणाची खुर्ची कुठे याचे रुसवे, अहवालात आपला फोटो नाही म्हणून राजीनामे, दहा वर्षे एकच कार्यकारिणी. आयुष्यभर साहेब म्हणून घेण्याची सवय निवृत्तीनंतर सुटत नाही आणि संघ तिची सोय करतो, हे म्हणणे खोटे नाही. पण जिथे माणसे जमतील तिथे हे होणारच, आणि विरक्तांच्या संघातही ते झाले. कोसंबीच्या भिक्खूंत शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवल्यावरून वाद सुरू झाला आणि संघ दुभंगला. बुद्धाने समजावले, त्यांनी ऐकले नाही, आणि तो त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात एकटा निघून गेला. इथे मी एकांताच्या बाजूने एवढे मान्य करतो: असा एक टप्पा येतो, जिथे सभा सोडून जाणे हेच योग्य असते. ज्या संघात महिन्यातून एकदा भांडण ऐकायलाच जावे लागते, तिथून उठून येणाऱ्या वृद्धाला कुणी दोष देऊ नये. तरीही ती कथा वनात संपत नाही. कोसंबीच्या उपासकांनी भांडखोर भिक्खूंचा मानसन्मान आणि भिक्षा बंद केली, तेव्हा ते ताळ्यावर आले, आणि श्रावस्तीला सर्वांसमक्ष तो तंटा नियमाने मिटवला गेला. भांडणावर उपाय म्हणून जमणे बंद झाले नाही. जमण्याचे नियम अधिक काटेकोर झाले.

आपल्याकडे ही नियमांची बाजू कायदा सांभाळतो, आणि तिच्याकडे कटकट म्हणून पाहण्याची चूक केली जाते. नोंदणीकृत संघाला 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. वर्षाचे हिशोब तपासून घ्यावे लागतात; आठव्या परिशिष्टात ताळेबंद आणि नवव्यात उत्पन्न-खर्चाचे पत्रक भरावे लागते. कार्यकारिणी बदलली, विश्वस्त निवृत्त झाला किंवा वारला, की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. या बदल अर्जात कमी होणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिच्या जागी येणाऱ्याचे नाव आणि बदलाचे कारण लिहायचे असते. कारणापुढे कित्येकदा एकच शब्द असतो: मयत. हा अर्ज भरणारे बहुतेक स्वतः सत्तरी ओलांडलेले असतात. आपल्या मित्राचे नाव कमी करून ज्या रकान्यात ते दुसरे नाव लिहितात, त्याच रकान्यात पुढे कधी तरी आपले नाव जाणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. मृत्यूचे चिंतन करावे असे सर्व धर्म सांगतात. ते चिंतन सरकारी नमुन्यातल्या कागदावर घडते म्हणून कमी प्रतीचे, असे मला वाटत नाही. आपण गेल्यावर काम अडू नये, किल्ली कुठे आहे, मुदतठेव कुणाच्या सहीने मोडते, बँकेच्या खात्यावर आता कुणाची नावे आहेत, हे मागच्याला समजावे म्हणून लिहून ठेवणारा माणूस आपल्या नसण्याची व्यवस्था लावत असतो. याज्ञवल्क्याची वाटणी आणि हा कागद एकाच जातीचे आहेत.

आणखी एक आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. सर्व अनित्य आहे. वह्या वाळवीच्या तोंडी जाणार, कार्यवाहांच्या निधनानंतर घर आवरताना रद्दीत जाणार. जे टिकणार नाही ते लिहायचे कशाला? पण आपल्या परंपरेने स्मृतीला अमर होण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. श्राद्धात पिंड दिले जातात ते पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांना. त्यापलीकडचे पितर एकेकट्याने पिंडाचे धनी राहत नाहीत. तीन पिढ्यांपुरते नाव घ्यावे, पुढे माणूस समूहात विरून जावा, अशी ही योजना आहे, आणि ती मला अतिशय समंजस वाटते. त्याच वेळी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शतकांपूर्वी येऊन गेलेल्या यात्रेकरूचे नाव, गाव, बरोबर कोण होते, मुलगे किती, हे लिहिलेले मिळते. त्या माणसाने ते जपले नव्हते. दुसऱ्याने, दुसऱ्याच्या घराण्याने, पिढ्यान्‌पिढ्या जपले. नोंद किती टिकली यावर तिची योग्यता ठरत नाही. ती ठेवली जात असताना ठेवणाऱ्याचे लक्ष कुणाकडे होते, यावर ठरते. ज्या महिन्यात वही लिहिली गेली त्या महिन्यात ती वाचून जर कुणी एका आजारी माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला, तर पुढे ती वाळवीने खाल्ली तरी तिचे काम झालेले असते. फळ टिकावे ही अपेक्षा न ठेवता नेमून घेतलेले काम नीट करणे, हे गीतेचे सांगणे इथे जितक्या सहज आचरता येते तितके नोकरीत कधी येत नव्हते. तिथे प्रत्येक कागदामागे पगार आणि बढती होती.

साधकवृत्तीच्या माणसाचा आक्षेप मात्र मला जास्त बोचतो. तो म्हणतो, मोजके दिवस उरले आहेत. ते वाढदिवस, सहली आणि कोजागिरीच्या मसाला दुधात घालवायचे की नामस्मरणात? हा सगळा गलबला मरणाकडे पाठ फिरवण्यासाठीच नाही का? काही संघांच्या बाबतीत याचे उत्तर होय असे द्यावे लागेल. आम्ही अजून तरुणच आहोत, वय हा नुसता आकडा आहे, अशी भाषा जिथे वारंवार ऐकू येते, तिथे वार्धक्याचा अपमान होतो असे माझे स्पष्ट मत आहे. म्हातारे असण्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला तरुण म्हणून त्याचा गौरव होत नाही. पण सभेचा क्रम पुन्हा एकदा पाहा. वाढदिवसाचे फूल आणि श्रद्धांजलीचे मौन एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने येतात; इतिवृत्तात ती एकाच पानावर, एकाखाली एक लिहिली जातात. आपल्या शहरी जगण्यात मरणाला इतक्या नियमाने आणि इतक्या साधेपणाने जागा देणारी दुसरी कुठली लौकिक सभा आहे? लग्नात ते बोलायचे नसते, कचेरीत त्याची एक शोकसभा होते आणि विषय संपतो. इथे दर महिन्याला नाव घेतले जाते, सगळे उभे राहतात, आणि मग बसून पुढचा विषय घेतात. वारीच्या वाटेवर हजारो माणसांत चालताना नामस्मरण होते, ते एकांतात बसूनच करायला हवे असे वारकऱ्यांनी कधी म्हटले नाही. सोबत ही साधनेतली अडचण आहे, हा विचार मराठी भक्तिपरंपरेला परकाच आहे.

एवढे म्हटल्यावर या वह्यांच्या कडेशी थांबलेल्यांविषयी बोलणे भाग आहे. निवृत्त होण्यासाठी आधी पगाराची नोकरी असावी लागते. शेतमजूर, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला, बांधकामावरचा गवंडी यांना निवृत्तीची तारीख नसते. हातपाय चालतील तोवर काम आणि मग घराचा कोपरा. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने साठ वर्षे पुरी केलेल्या प्रत्येक नागरिकाला ज्येष्ठ मानले आहे, त्यात पेन्शनची अट नाही. पण बहुतेक संघांचे सभासदपत्रक पाहिले तर त्यात वसाहतीतल्या बंगल्यांचे आणि सोसायट्यांचेच पत्ते दिसतात. पतीच्या नावाने जोडसभासद असलेली स्त्री तो गेल्यावर सभेला यायची थांबते, आणि तिचे नाव पुढच्या वर्षी वर्गणी न आल्याने आपोआप गळते. जिना चढता येत नाही म्हणून न येणारे, ऐकू येत नाही म्हणून न येणारे, विसर पडू लागल्याची लाज वाटते म्हणून न येणारे, यांच्यापुढेही वर्षभर कोऱ्या चौकटी राहतात आणि मग नावच राहत नाही. ज्याला सभेची सर्वांत जास्त गरज, तोच नियमाने यादीबाहेर पडतो. आजारी भिक्खूला खाटेसकट आणा किंवा सगळे त्याच्याकडे जा, त्याला वगळून सभा पुरी धरू नका, या नियमाच्या हे अगदी उलट आहे. संघाचे दप्तर साधना आहे की वहिवाट, याची परीक्षा मी इथे लावेन. ज्या संघाची वही फक्त आलेल्यांच्या सह्या गोळा करते, तिच्याविषयीचा संन्यासवाद्यांचा आक्षेप खरा मानावा लागेल.

म्हणून ज्या संघांत दरमहा इतिवृत्त लिहिले जाते तिथल्या कार्यवाहांना आणि सभासदांना एक विनंती आहे. 1 ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाच्या सभेत, हार-तुऱ्यांच्या आधी गेल्या बारा महिन्यांचा हजेरीपट उघडावा. सलग तीन सभांना न आलेल्या प्रत्येकाचे नाव मोठ्याने वाचावे; वर्गणी थकली म्हणून गळलेली नावेही वाचावीत. त्या प्रत्येक नावापुढे त्यांच्या घरी कोण जाणार आणि कोणत्या दिवशी, हे जाणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्यावे. आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याआधी, कोण जाऊन आले आणि तिथे काय दिसले, ते त्यात लिहिले आहे की नाही, हे आधी विचारावे.